शरीरातील पाण्याचा आणि मिठाचा हिशेब

(सरपंच, ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



बीड जिल्ह्यातील माणसाला पाण्याचा हिशेब शिकवावयाचा म्हणजे धाडसच होय. विहिरीला किती परस पाणी आहे, माजलगावच्या धरणात किती साठा उरला आहे, टँकर दिवसाआड येणार की दोन दिवसांनी, याची बित्तंबातमी आपल्याकडे शाळेतील मुलालाही असते. बालाघाटच्या पठारावरील गावांनी तर १९७२ च्या दुष्काळापासून अनेक उन्हाळे हाच हिशेब करीत काढले आहेत. मात्र आपल्या स्वतःच्या शरीरात पाणी किती असते, ते कोठे साठविलेले असते आणि ते एका जागेवरून दुसऱ्या जागी कोणाच्या हुकमाने जाते, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. तो न मांडल्यामुळे दर उन्हाळ्यात धडधाकट मजूर कामावर कोसळतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तान्ही मुले हगवणीने दगावतात. म्हणून आज औषधांच्या नावांपेक्षा या हिशेबाविषयीच बोलावे असे मी ठरविले आहे.

साठ किलो वजनाचा एक पुरुष मजूर डोळ्यांपुढे आणा. त्याच्या वजनापैकी सुमारे ३६ लिटर, म्हणजे शेकडा ६०, पाणीच असते. स्त्रियांच्या शरीरात चरबीचे प्रमाण थोडे अधिक असल्याने हे प्रमाण शेकडा ५० च्या आसपास असते. तान्ह्या मुलाच्या शरीरात ते शेकडा ७० हून अधिक असते. परंतु हे पाणी एकाच हौदात भरलेले नसते. त्याचे दोन मुख्य साठे आहेत. ३६ लिटरपैकी सुमारे २४ लिटर शरीरातील अब्जावधी पेशींच्या आत असते. उरलेले १२ लिटर पेशींच्या बाहेर असते, आणि त्याचेही दोन भाग पडतात: जवळजवळ ९ लिटर पेशी-पेशींमधील फटींत झिरपलेले असते, तर केवळ ३ लिटर रक्तवाहिन्यांत, रक्तातील पातळ भागाच्या रूपाने वाहत असते. हृदयाला पंप म्हटले, तर त्याला उपसावयास मिळणारे पाणी ते एवढेच. ३६ लिटरचा मालक असलेला माणूस या तीन लिटरांपैकी एखादा लिटर अचानक गेला, तरी अंथरुणाला खिळतो.

आता या साठ्यांवर पहारा कोणाचा? मिठाचा. पेशीच्या बाहेरील द्रवात सोडियम, म्हणजे आपल्या मिठातील मुख्य घटक, विपुल असतो. पेशीच्या आत पोटॅशियम विपुल असते. पेशीच्या आवरणात बसविलेले सूक्ष्म पंप आत शिरलेले सोडियम अहोरात्र बाहेर टाकीत असतात आणि पोटॅशियम आत ओढीत असतात. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ साली हा पंप दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पेशीचे आवरण मिठाला अडविते, पाण्याला मात्र फारसे अडवीत नाही. म्हणून पाणी नेहमी मिठाच्या मागे धावते: ज्या बाजूचा द्रव अधिक खारट, त्या बाजूला ते ओढले जाते.

शिक्षकांना हे वर्गात दाखविण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात ताटलीत पाणी सुटते. ते पाणी फोडीतील पेशींतून बाहेर आलेले असते. उलट, सुकलेले बेदाणे साध्या पाण्यात टाकले की ते टम्म फुगतात. शेतकरी मंडळींना तर यापेक्षाही ओळखीचे उदाहरण आहे. पाटाचे पाणी बेसुमार देऊन जमीन खारवली, की पायाशी ओल असूनही पीक माना टाकते. मुळांच्या बाहेर मीठ अधिक झाले असल्याने पाणी मुळांत शिरू शकत नाही. पाणी असणे आणि पाणी उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने खारवट जमीन पाहिली आहे त्याला निराळे सांगावयास नको.

या पायावर आता दोन प्रसंगांचा हिशेब करू. पहिला घामाचा.

मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला आहे आणि आपला मजूर तलावाच्या गाळाचे काम करीत आहे. अशा कामात ताशी एक लिटर घाम जाणे नवलाचे नाही. त्याचा तीन लिटर घाम गेला असे धरू. घाम खारट लागतो खरा, परंतु तो रक्ताइतका खारट नसतो. या तीन लिटरांत मीठ जाते ते सुमारे आठ ग्रॅम, म्हणजे एक लिटर रक्तद्रवात असावे जवळपास तेवढेच. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने त्याने एक लिटर खारे पाणी आणि दोन लिटर निव्वळ साधे पाणी गमावले. खाऱ्या पाण्याची तूट सर्वस्वी बाहेरील साठ्यावर पडते. साधे पाणी गेल्यामुळे मात्र बाहेरील द्रव अधिक खारट होतो आणि तो पेशींतून पाणी ओढून घेतो. त्यामुळे ही तूट दोन्ही साठ्यांत त्यांच्या आकारमानाप्रमाणे वाटली जाते. अखेरीस बाहेरील साठा १२ लिटरांवरून सुमारे १०.३ वर येतो आणि आतील २४ वरून २२.७ वर. पेशींनी आपल्या वाट्याचे पाणी देऊन रक्ताला सावरून धरलेले असते.

मेंदूच्या तळाशी या खारटपणावर पाळत ठेवणाऱ्या पेशी आहेत. द्रवाची तीव्रता शेकडा एक ते दोननेही वाढली की त्या जाग्या होतात. माणसाला तहान लागते, आणि मेंदूखालच्या पोष ग्रंथीतून एक स्राव सुटून मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा निरोप जातो. लघवी थोडी आणि गडद होते ती यामुळे. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीही आपल्या स्रावाने मीठ वाचविण्यास सांगतात. उन्हात काम करण्याची एक-दोन आठवडे सवय झालेल्या माणसाचा घाम कमी खारट होतो, तो याच कारणाने. म्हणून कामाच्या पहिल्या आठवड्यात नव्या मजुराला सर्वांत अधिक धोका असतो. हजेरी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तहान लागली म्हणून आपला मजूर तीन लिटर साधे पाणी प्याला. पाण्याची भरपाई झाली, मिठाची झाली नाही. आता रक्तद्रव किंचित अळणी होतो. पाळतीवरील पेशी म्हणतात, तहान पुरे. मूत्रपिंडे जादा वाटणारे पाणी टाकून देतात आणि सुमारे एक लिटरची तूट बाहेरील साठ्यात तशीच राहते. माणूस पाणी पितो आहे, लघवीलाही जातो आहे, तरी उभे राहिल्यावर अंधारी येते आणि सायंकाळी पोटऱ्यांत गोळे येतात, ते का, याचे उत्तर या हिशेबात आहे. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत खोल आणि उष्ण जागी काम करणाऱ्यांना असेच गोळे येत. तेथील शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की, साध्या पाण्याऐवजी थोडे मीठ घातलेले पाणी दिले म्हणजे हा त्रास टळतो. क्वचित याहून भयंकर प्रकार घडतो. शरीर पाणी बाहेर टाकू शकत नाही आणि माणूस साधे पाणी पीतच राहतो. मग पाणी पेशींत शिरते, पेशी फुगतात. शरीरातील इतर पेशींना फुगण्यास जागा असते. मेंदूला कवटीच्या आत ती नसते. डोके दुखणे, मळमळ, असंबद्ध बोलणे आणि शेवटी झटके येणे हा त्याचा क्रम आहे.

याचा अर्थ मिठाच्या पुड्या वाटत सुटावे असा मात्र मुळीच नाही. दोन वेळची भाकरी, कालवण आणि ठेचा खाणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाकाठी आठ-दहा ग्रॅम मीठ सहज जाते, आणि जेवण वेळेवर मिळाले तर बहुतेक तूट तेथेच भरून निघते. अडचण होते ती उपाशीपोटी किंवा केवळ चहावर दुपारपर्यंत राबणाऱ्याची. अशांना कामाच्या जागीच मीठ घातलेले ताक, आंबील किंवा ताकातल्या कण्या मिळाल्या, तर त्याहून उत्तम पेय कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. मिठाच्या कोरड्या गोळ्या गिळण्याची पद्धत काही ठिकाणी होती. ती चांगली नव्हे, कारण पोटातील ते तीव्र मीठ उलट शरीरातील पाणीच आतड्यात ओढते. आपल्या राज्यात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि कामाच्या जागी पिण्याचे पाणी व सावली हवी, हे तत्त्व शासनाने मान्य केले. हा परोपकाराचा भाग आहे असे काहींना वाटते. मला तो शरीरशास्त्राचा भाग वाटतो.

येथे आपल्या ऊसतोड कामगारांविषयी बोलणे प्राप्त आहे. दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी भागांतील कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामाचा बराच काळ थंडीचा असतो हे खरे. परंतु फेब्रुवारी उलटला की फडात वारा लागत नाही, डोक्यावर मोळी असते, आणि खाडा झाला की पैसे कापले जातील म्हणून कोणी थांबत नाही. एल साल्व्हाडोर, निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशांत ऊसतोडणी करणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत आढळून आले आहे. कारणाविषयी वाद अद्याप चालू असला, तरी उन्हातील अतिकष्ट आणि वारंवार होणारी पाण्याची तूट यांवर संशोधकांचा मुख्य संशय आहे. तेथील काही मळ्यांनी ठराविक वेळाने पाणी, विश्रांती आणि सावली देण्याचा नियमच केला. आपल्याकडील हंगाम निराळा असल्याने तेथील निष्कर्ष जसेच्या तसे लागू करू नयेत, परंतु पाणी, विश्रांती आणि सावली यांना परदेशी चलन लागत नाही.

फडावरील स्त्रियांची अडचण आणखी वेगळी आहे. आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. मूत्रपिंडे मग अत्यंत तीव्र लघवी थोडी थोडी तयार करतात, ती तासन् तास अडविली जाते आणि मूत्रमार्गाचा दाह मागे लागतो. त्यावर औषध देऊन भागत नाही. कोपीजवळ आणि फडाजवळ आडोसा उभा राहिला पाहिजे, आणि तो प्रश्न दवाखान्याचा नसून मुकादम, कारखाना आणि पंचायत यांचा आहे.

आता दुसरा प्रसंग, हगवणीचा. तो घामापेक्षा अगदी निराळा आहे, आणि हा फरक समजला तर पुष्कळ जीव वाचतील.

पटकीसारख्या रोगात जे पाणी जाते ते जवळजवळ रक्तद्रवाइतकेच खारट असते. त्यामुळे बाहेरील द्रव तीव्र होत नाही आणि पेशींतील मोठा साठा मदतीला धावून येत नाही. सगळी तूट एकट्या बाहेरील साठ्यावर पडते. २४ लिटर शेजारच्या तळ्यात असताना १२ लिटरांची विहीर कोरडी पडावी, तशी ही अवस्था होते. घामाने तीन लिटर गेले तर रक्ताचा साठा फार तर सातव्या हिश्श्याने घटतो. जुलाबाने तीन लिटर गेले तर तो चवथ्या हिश्श्याने घटतो. नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात, लघवी बंद होते. घामात तहानेची घंटा लगेच वाजते. येथे मात्र तीव्रता बदलत नसल्याने ती उशिरा, पुष्कळ तूट झाल्यावर वाजते.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर घंटा वाजली तरी त्याला सांगता येत नाही. प्रौढ माणसाच्या बाहेरील साठ्यापैकी सहावा-सातवा हिस्सा रोज बदलतो. तान्ह्याचा जवळजवळ निम्मा बदलतो. सहा किलोच्या मुलाच्या अंगातून सहाशे मिलिलिटर पाणी गेले की त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला. डोळे खोल जातात, टाळू बसते, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जाते. आणि नेमक्या याच वेळी घरातील वडीलधारी मंडळी सांगतात की, पोटात पाणी ठरत नाही, तेव्हा पाणी तोडा, अंगावरचे दूध तोडा. त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु जुलाब पाणी पाजल्याने होत नाहीत. आतड्याला चिकटलेल्या जंतूंमुळे होतात. मूल मरते ते मात्र पाणी गेल्याने.

केवळ साधे पाणी पाजूनही हे भरून निघत नाही, कारण हगवणीच्या आतड्यात मीठ-पाण्याचे शोषण नीट होत नाही. येथे विज्ञानाला एक मागचे दार सापडले. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही कल्पना मांडली. पटकीचे विष इतर व्यवस्था बिघडविते, परंतु हे दार बंद करू शकत नाही. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच तोंडाने मीठ-साखरेचे पाणी देऊन पटकीचे रोगी बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. त्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष दिले गेले ते १९७१ साली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत, बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ उसळली. डॉ. दिलीप महालनोबिस तेथे पोचले तेव्हा रोगी जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा संपत आला होता. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधविल्या, ते पाण्याच्या पिंपांत कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण तीन हजारांहून अधिक रोग्यांत शेकडा ४ च्या खाली आले. परिचारिका आणि डॉक्टर मूठभर होते. उपचार केले ते आयांनी, भावांनी, शेजाऱ्यांनी. महालनोबिस २०२२ साली निवर्तले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आपल्या अंगणवाडीत ठेवलेले जलसंजीवनीचे पाकीट त्या पुडीचीच सुधारलेली आवृत्ती आहे. सन २००२ पासून त्यातील मीठ व ग्लुकोज दोन्ही कमी केले आहेत: एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम.

हे ज्ञान शिकलेल्यांपुरते नाही, याचा दाखला आपल्या शिवेपलीकडेच आहे. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्या घरोघरी मीठ-साखरेचे पाणी करावयास शिकवू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पाकिटाच्या बाबतीत चुका होतात त्या मोजमापाच्या. संपूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी टाकावयाचे असते. चिमूट-चिमूट पेल्यात टाकले तर पाणी कधी अळणी, कधी अति खारट होते, आणि अति खारट पाणी मुलाच्या पेशींतीलच पाणी ओढून घेते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंहून खारट लागता कामा नये. साखर अधिक घातली म्हणजे ताकद अधिक येते ही समजूत खोटी आहे. जादा साखर आतड्यात पाणी खेचून जुलाब वाढविते. याच कारणाने दुकानातील गोड पेये जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाहीत. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे बरे झाले. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे.

शेवटी सलाईनविषयी, कारण अंग मोडून आले की ‘एक बाटली लावा’ म्हणण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम साखर असते. तिची शक्ती फार तर एका भाकरीइतकी. साखर जळून गेली की उरलेले साधे पाणी सर्व साठ्यांत पसरते आणि रक्तात उरते ते अवघे ८० मिलिलिटर. मिठाच्या सलाईनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते. ते बाहेरील साठ्यातच राहते आणि त्यातील पाव लिटर रक्तात टिकते. जो पिऊ शकतो, त्याला पेल्यातून हेच साध्य होते. जो शुद्धीवर नाही, ज्याला पिता येत नाही किंवा ज्याची नाडी लागत नाही, त्याला मात्र पेल्याची वाट पाहत न बसता शिरेतूनच पाणी दिले पाहिजे. असा रोगी ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात हलवावा आणि वाटेत पिण्यासारखा असेल तर पाजीत न्यावा. उष्माघाताचा रोगी, म्हणजे अंग तापलेले आणि भान हरपलेले, त्याला प्रथम सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालावा.

रक्तदाब असलेल्या मजुराने खारे ताक प्यावे की नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे, आणि घाम न गाळणाऱ्या तुम्हा-आम्हांला ते पुरेपूर लागू आहे. कार्यालयात पंख्याखाली बसून मीठ घातलेले पाणी पिण्याचे कोणालाच कारण नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून मीठ वाढवू नये. त्यांना दुपारच्या उन्हातील काम देऊच नये. कामाची वेळ पहाटे सहा ते अकरा अशी ठेवली तर घाम कमी जातो आणि हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.